लूच्या दिवसांतला पाळणा

लू सुरू झाली, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा सुटला, की आमच्या घरातलं लाकूड बोलायला लागतं. भर दुपारी वीज जाते, कूलरची घरघर थांबते आणि पलीकडच्या खोलीतून ‘टक्’ असा आवाज येतो. पाहुणा असला तर दचकतो. आम्ही दचकत नाही. कुठल्या तरी कपाटाची फळी उन्हाने आकसलेली असते, कुठल्या टेबलाचा सांधा सुटू पाहत असतो. थंडीभर मुकाट बसलेल्या खुर्च्या वैशाखात कुरकुरायला लागतात, मग त्यांच्या मालकांना आमची आठवण होते. सगळं ग्वाल्हेर उन्हाळ्याच्या नावाने बोटं मोडतं, पण आमची चूल त्याच्याच जिवावर पेटते.

यंदाही लू आली. परवा दुपारी मी दारं लावून घेतली, वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडलं, आणि मागच्या खोलीतून तो आवाज आला. हातातलं भांडं तसंच धरून मी जमिनीवर बसले. एक अख्खं वर्ष ती खोली गप्प होती, असं मला उगाच वाटत होतं. खरं तर आम्हीच गप्प होतो.

आम्ही जुनं लाकडी सामान दुरुस्त करतो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. सांधे, खुंट्या, तुटलेले पाय ही ह्यांची बाजू, पॉलिश माझी. ह्यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यांवर बसून इथे आले आणि त्यांनी तलवारी परजल्या. हे पटाशी परजतात. माझं माहेर पूजाअर्चेचं. लग्न होऊन फूलबागेजवळच्या या घरात आले तेव्हा सरस उकळण्याच्या वासाने मला जेवण जायचं नाही. जनावराच्या कातडी-हाडांचा, सांधे चिकटवायचा तो सरस, आणि मी सोवळ्यातल्या घरची. पण माणूस सगळ्याला सरावतं. आता मला त्या वासाने भूक लागते, म्हणजे एके काळी लागायची.

पॉलिश मी ह्यांच्याकडूनच शिकले आणि पुढे ह्यांच्यापेक्षा चांगलं करायला लागले. हे तसं कबूल करत नाहीत. लाखेचे पातळ तुकडे, ज्यांना आमच्याकडे चपडा म्हणतात, ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे. जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस बांधून पोटली करायची, ती त्यात बुडवायची आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायची. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. त्याला कोरडी हवा लागते. हवेत जरा दमटपणा आला की पॉलिशवर पांढरट साय धरते, आणि मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून होळी झाली की पोटली काढायची आणि आषाढातले ढग दिसायच्या आत धुऊन ठेवायची. आमचा ज्येष्ठ आणि शेजारच्या मिश्राजींचा जेठ यांच्यात पंधरवड्याचा फरक आहे. आमची अमावास्येला महिना संपवायची रीत, त्यांची पौर्णिमेला. पण लू दोघांची एकच. माझं पंचांग म्हणाल तर ते लाकडाचं.

मागच्या वर्षी हेच पंचांग आम्हाला नडलं, असं लोक म्हणतात. मी असं म्हणत नाही. निदान मोठ्याने तरी म्हणत नाही.

आमची मृदुला, एकुलती एक, इथेच सिटी सेंटर भागात राहते. ती बँकेत आहे, जावईही नोकरी करतात. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते. चैत्रात एका सकाळी ती दोघं पेढे घेऊन आली. पाचवा महिना लागेपर्यंत पोरीने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. हे उठले. आत गेले, चष्मा घालून आले, आणि तिला विचारलं, “कधी?” ती म्हणाली, “श्रावणात, बाबा. डॉक्टर तो यही बोल रहे हैं.” हे पुन्हा आत गेले. थोड्या वेळाने मी पाहिलं तर हातात रेगमाल, लाकूड घासायचा खरखरीत कागद, घेऊन, काही समोर नसताना, आपल्याच तळहातावर तो घासत उभे होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच हे किला गेटकडे गेले. तिथे एका कबाड्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, दुकानात ह्यांचं येणं-जाणं आहे. संध्याकाळी टेम्पोतून एक सांगाडा उतरला. मंदिराच्या दाराला देतात तसा जर्द हिरवा ऑइलपेंट, तोही थरावर थर. दोन उभे खांब, मध्ये आडवी दांडी, दांडीच्या कड्यांना टांगलेली एक खोल पेटी. चारही बाजूंना कातीव गजांचा कठडा. पाळणा होता.

“कबाडी शिसम म्हणाला,” हे म्हणाले. ह्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू होतं, जे दुसऱ्याची चूक पकडल्यावर येतं.

लाकूड ओळखताना हे आधी समोरून बघतच नाहीत. वस्तू उलटी करतात. समोरची बाजू सगळेच नटवतात, खरं काय ते बुडाशी कळतं, असं ह्यांचं मत आहे. पाळणा अंगणात उताणा पाडला, तळाशी एका कोपऱ्यात काचेच्या तुकड्याने रंग खरवडला, उघड्या लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि नाक टेकवलं. मग मला बोलावलं. मीही वास घेतला. जुन्या चामड्यासारखा, किंचित तेलकट वास होता. सागवान. कठड्याचे गज मात्र खरंच शिसवीचे, जड आणि काळसर. तळाची एक फळी आंब्याची, कुणी तरी मागाहून बसवलेली. मूळ खिळे चौकोनी, लोहाराने ठोकलेले. आंब्याच्या फळीचे गोल, बाजारातले. “शंभरेक वर्षांचा तरी आहे,” हे म्हणाले. “आणि एकदा मनापासून दुरुस्त केलेला आहे. कुणाला तरी तो टाकवला नव्हता.”

मालूवन्सं तेव्हा तिथेच होत्या. मालूवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. ह्यांना अजून विनू म्हणतात. गल्लीच्या टोकाला राहतात आणि आमच्याकडे काहीही शिजत असलं, वरण असो की सरस, तरी वासावर येतात. नाकाला पदर लावून त्या पाळण्याभोवती एक फेरी मारून आल्या.

“विनू, हे काय काढलंस? अजून मुलगी मोकळी नाही झाली, आणि तू पाळणा घेऊन येऊन राहिलास?”

“ताई, श्रावणात पॉलिश होत नाही.”

“मग नको ना करूस. बारशाला विकतचा आण. प्लास्टिकचाही मिळतो आता. बाळ होण्याआधी घरात पाळणा आणत नसतात. आई असती तर उंबऱ्याबाहेर ठेवला असता तिने. आणि हा पुन्हा कोणाच्या घरचा, काय माहीत. ह्यात काय-काय झालं असेल.”

हे चिडले नाहीत. त्यांनी वन्संचा हात धरला आणि कठड्याच्या वरच्या पट्टीवर नेला. तिथला रंग नुकताच निघाला होता. पट्टीच्या आतल्या कडेला बारीक बारीक खाचा होत्या, जोडीजोडीने. काही रुंद, काही अगदी अरुंद.

“हे बघ. दात आहेत हे. दात येत असताना पोरं कठडा चावतात. आणि हे एका पोराचे नाहीत, बरीच असणार. सगळी दात येईपर्यंत जगली, उभी राहिली आणि हा कठडा धरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ह्याच्याहून चांगला पाळणा तुला बाजारात कुठे मिळणार, ताई?”

वन्संनी हात सोडवून घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, “तुझं तू बघ बाबा,” आणि पन्हं न पिताच गेल्या. मी मात्र त्या दिवशी ह्यांच्यावर इतकी खूश होते की रात्री शिकरण केली.

मग वैशाखभर आम्ही त्या पाळण्यात होतो. बाहेर हवा तव्यासारखी. किल्ल्याचा दगड दिवसभर तापायचा आणि संध्याकाळी त्याची धग आमच्या गच्चीपर्यंत यायची. आत आम्ही दोघं समोरासमोर बसून हिरवा रंग खरवडत होतो. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली एक मातकट तांबडा, आणि त्याखाली, कातीव गजांच्या घळींत, लाखेच्या मूळ रंगाच्या बारीक रेघा. पिवळी आणि लाल. त्या सापडल्या तेव्हा ह्यांनी मला अशी हाक मारली की मला वाटलं बोट कापलं. त्या रेघांवर मी पोटली हलक्या हाताने फिरवली, श्वास रोखून. दातांच्या खाचा बुजवायच्या नाहीत, रेगमालही लावायचा नाही, हे ह्यांनी मला बजावलं. जसं काही मी लावणारच होते!

सांधे नवा सरस घालून बसवले. आता झोका बघायचा होता. कडी कुरकुरते का, पेटी एका अंगाला झुकते का, हे हलवल्याशिवाय कळत नाही. पण रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. ह्यांनी वन्संचं म्हणणं उडवून लावलं होतं, पण आता ह्यांचा हात पुढे होईना. शेवटी मीच स्वयंपाकघरातून शरबती गव्हाची पिशवी आणून पेटीत ठेवली, वर माझी जुनी ओढणी पांघरली. हे हळूच हलवायला लागले. कडी जरासुद्धा वाजली नाही. “झोपली का गं शरबती?” हे मला विचारायचे. मी म्हणायचे, “आत्ता कुठे डोळा लागलाय, बोलू नका.” दोन म्हातारी माणसं, गव्हाला झोपवत होती आणि हसून हसून बेजार होत होती. तेवढे सुखाचे दिवस या घरात मी आधी पाहिले नव्हते. हे लिहितानाही मला ते पुसून टाकावेसे वाटत नाहीत.

मृदुलाला पाळणा दाखवला नव्हता. ती येई तेव्हा आम्ही मागच्या खोलीला कडी घालायचो. तिलाही कळलं होतं, पण ती मुद्दाम विचारायची, “आई, उधर क्या छुपाके रखा है?” आणि पोटावर हात ठेवून हसायची. बारशाच्या दिवशीच दाखवायचा, असं ठरलं होतं. ज्येष्ठ संपत आला तेव्हा पॉलिशचा शेवटचा हात झाला. आरशासारखी चकाकी मला आवडत नाही. कुणी रोज हात फिरवत आलंय असं वाटावं, इतपतच तेज आणलं होतं. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “तुझा हात बसला हो अखेर.” पोटली हातात धरल्यापासून तीस वर्षांत ऐकलेली तेवढी एकच शाबासकी.

आणि आषाढ लागला तेव्हा बाळ पोटातच गेलं.

कसं, ते मला नीट सांगता येत नाही. एका सकाळी तिला वाटलं, आज ते हलत नाहीये. जावयांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण चांगली होती. माझा हात धरून म्हणाली की नाळेला पीळ पडला होता, कुणाची चूक नाही, कुणाला हे कळलंही नसतं. मग सगळ्या बायका बाळंत होतात तशीच माझी मुलगी बाळंत झाली, त्याच कळा सोसून. फक्त शेवटी रडण्याचा आवाज आला नाही. मुलगा होता. मी त्याला बघितलं, मांडीवरही घेतलं. हे बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते. मी बोलवायला गेले तर मान हलवली. आत आलेच नाहीत. जावई आणि त्यांचे वडील बाळाला घेऊन गेले, तेव्हाही ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

लोक भेटायला आले. लोक वाईट नसतात, पण त्यांना काही तरी बोलावं लागतं. वय आहे अजून, दुसरं होईल, असं म्हणाले. आमच्याकडे खुर्च्या घेऊन येणारे असंच म्हणतात, एकदम नया जैसा कर दीजिए. हे त्यांना नेहमी समजावत आले की नव्यासारखं करायचं नसतं, झिजलंय तिथे झिजलेलंच राहू द्यायचं, फक्त मोडू द्यायचं नाही. मृदुलाला भेटायला येणाऱ्यांना हे कुणी समजावायचं? मालूवन्सं आल्या. पाळण्याबद्दल चकार शब्द काढला नाही त्यांनी. मृदुलाच्या केसांना तेल लावून दिलं आणि निघताना दारात ह्यांच्याकडे एकदा बघितलं, बस. ते बघणं ह्यांना पुरलं.

त्या दिवसापासून ह्यांनी पटाशी हातात घेतली नाही. पाळण्यावर चादर टाकली, खोलीला कडी घातली. दारात आलेली खुर्ची परत पाठवायचे. विचारलं तर म्हणायचे, “माझ्या हाताला काही वाईट लागलंय.” मी समजूत काढली, भांडले, डॉक्टरीण काय म्हणाली ते शंभरदा सांगितलं. म्हटलं, जगात किती घरांत आधी पाळणे येतात, मोठमोठ्या दुकानांतून येतात, त्यांची लेकरं रांगतातच ना? हे ऐकून घ्यायचे. सगळं ऐकून झाल्यावर म्हणायचे, “ताईने सांगितलं होतं.” एवढंच. मला त्या वाक्याचा इतका राग यायचा की मी उठून अंगणात जायचे. आणि अंगणात एकटी असले की मलाही वाटायचं, वन्संनी सांगितलं होतं खरं. मग मला माझाही राग यायचा.

बाळाबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. कसा दिसत होता, हे ह्यांनी मला विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर थांबता आलं नसतं. भरपूर जावळ होतं. कान ह्यांच्यासारखे, बाहेर आलेले.

मृदुला वर्षभर आमच्याकडे आली नाही. आम्हीच सिटी सेंटरला जायचो. ती चहा करायची, बँकेतल्या गोष्टी सांगायची, आणि हे टीव्हीकडे बघत बसायचे. बाप-लेकीची नजरानजर होऊ नये असा दोघांचा करार असल्यासारखं चाललं होतं.

परवाचा तो ‘टक्’ आवाज ऐकून मी बसले ना, तेव्हाच मी तिला फोन केला. म्हटलं, “मृदू, मागच्या खोलीत काही तरी तडकलंय. तुझे बाबा दार उघडत नाहीत. माझ्याच्याने एकटीने होणार नाही.”  ती म्हणाली, “संडे को आते हैं.”

आज रविवार. ती एकटीच आली, सकाळी, ऊन चढायच्या आत. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, ती सोडली, घोटभर पाणी प्यायली आणि सरळ जाऊन मागच्या खोलीची कडी काढली. हे खुर्चीतून उठले. मला वाटलं, तिला अडवतात की काय. पण तिच्या मागोमाग आत गेले. मीही गेले.

तिने चादर ओढली. काहीच तडकलं नव्हतं. एका खांबाच्या सांध्यात केसभर फट पडली होती, लूने पडते तशी. ती पाळण्याभोवती फिरली. लहानपणापासून बापाचं बघत आलेली, तिनेही आधी समोरून बघितलं नाही. खाली वाकून तळाला हात घातला, चौकोनी खिळे चाचपले, आंब्याची फळी बोटाने वाजवली. मग उभी राहून कठड्यावरून हात फिरवत आणला आणि खाचांपाशी थांबली.

“हे काय आहे, बाबा?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “दात आहेत. पोरांचे.”

तिने मान डोलावली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. “बाबा, तुम्ही लोक मला कधी विचारलंच नाही. मी काही तुमच्यावर नाराज नाहीये, सच में. पाळण्याने थोडीच असं होतं. इतका सुंदर केलात तुम्ही त्याच्यासाठी. मला तर हे बघायचं होतं. साल भर वाट बघून राहिले, की तुम्ही दाखवाल.”

हे पाळण्याचा खांब धरून उभे होते. बाहेर लू सुरू झाली होती, खिडकीचं दार आपटत होतं, आणि ते लावायला आमच्यातलं कुणी हललं नाही. जन्मभर मापं घेण्यात गेलेला हा माणूस. टेप खिशात नसला तर ज्याला अस्वस्थ वाटतं, असा. ह्यांनी विचारलं,

“मृदू, केवढा होता गं तो?”

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती पाळण्यावर वाकली, दोन्ही हात पेटीत घातले आणि तळहात एकमेकांसमोर धरून फळीवर टेकवले.

“एवढा. डोकं इथे होतं. पाय असे दुमडलेले होते ना, म्हणून इथवर. सरळ केले असते तर…” आणि तिने उजवा हात थोडा पुढे सरकवला. “तर इथपर्यंत आला असता, बाबा.”

हे तिच्या शेजारी वाकून त्या दोन हातांमधली जागा बघत राहिले. तिने हात काढले नाहीत.